दम कशामुळे लागला? खाटेशेजारची सोनोग्राफी सांगते

मुकुटबनमधल्या एखाद्या घरात रात्री दोन वाजता सत्तरीतल्या आजोबांचा दम वाढला आहे, असे समजू. आडवे होता येत नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ काळसर पडू लागले आहेत. मुलगा कुणाची तरी गाडी मिळवतो आणि वणीच्या रस्त्याला लागतो. दवाखान्यात पोचल्यावर तो सांगतो, "डॉक्टरसाहेब, बाबाले लय दम लागून राहिला." त्याच्याकडे सांगण्यासारखे तेवढेच असते.

डॉक्टर माहिती विचारतात. आजोबा चाळीस वर्षे बिडी ओढत होते. पाच वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. चार दिवसांपासून खोकला आणि कणकण आहे. म्हणजे दम लागण्याची निदान तीन कारणे समोर उभी राहतात. बिडीने खराब झालेल्या श्वासनलिका आकसल्या असतील. हृदय कमकुवत पडून फुफ्फुसात पाणी साचले असेल. किंवा न्यूमोनिया झाला असेल. चौथीही शक्यता असते: जुन्या बिडीबाजाच्या फुफ्फुसातला हवेचा फुगा फुटून हवा छातीच्या पोकळीत शिरली असेल.

बाहेरून चारही रुग्ण सारखेच दिसतात. उपचार मात्र एकमेकांच्या उलट असू शकतात. फुफ्फुसात पाणी साचले असेल तर लघवीवाटे पाणी काढणारे इंजेक्शन द्यायचे असते. न्यूमोनियामुळे रक्तदाब कोसळलेला असेल तर उलट सलाईनची गरज पडते. श्वासनलिका आकसल्या असतील तर वाफेतून औषध द्यायचे. आणि छातीच्या पोकळीत हवा शिरली असेल तर नळी घालून ती बाहेर काढायची. अशा रुग्णाला तसेच व्हेंटिलेटरवर ठेवले, तर दाबाने आत जाणारी हवा त्याचा जीवही घेऊ शकते.

या चारांतले नेमके काय, हे खाटेशेजारी उभे राहून काही मिनिटांत सांगणारे साधन आज उपलब्ध आहे. ते सगळ्यांच्या ओळखीचे आहे: सोनोग्राफी. फक्त ती पोटावर न करता छातीवर करायची.

कान आणि एक्स-रे कुठे कमी पडतात

फ्रेंच डॉक्टर रेने लाएनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला. तेव्हापासून छातीचा आवाज ऐकणे ही डॉक्टरांची पहिली तपासणी ठरली. आजही ती टाळता येत नाही. पण अतिदक्षता विभागात मॉनिटरचे आवाज, व्हेंटिलेटरचा घरघराट आणि कण्हणारा रुग्ण यांच्यात बारीक आवाज टिपणे कठीण जाते. शिवाय दम्यात येणारा शिट्टीसारखा आवाज फुफ्फुसात पाणी साचलेल्या वृद्धातही येऊ शकतो.

दुसरे साधन एक्स-रे. चांगला एक्स-रे काढायचा तर रुग्णाने उभे राहून, खोल श्वास घेऊन, तो रोखून धरायला हवा. अतिदक्षता विभागातला रुग्ण यातले काहीच करू शकत नाही. त्याचा एक्स-रे झोपलेल्या अवस्थेत, पाठीखाली प्लेट सरकवून काढतात. अशा वेळी छातीतले पाणी पाठीकडे पसरते आणि हवा पुढे येते. त्यामुळे दोन्ही नजरेतून सुटू शकतात. झोपवून काढलेल्या एक्स-रेत छातीच्या पोकळीतली हवा जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये दिसत नाही, असे वेगवेगळ्या अभ्यासांत आढळले आहे.

तिसरे साधन सीटी स्कॅन. निदानासाठी ते सर्वांत खात्रीचे. पण त्यासाठी रुग्णाला ऑक्सिजन, पंप आणि नळ्यांसकट दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावी न्यावे लागते. ज्याचा श्वास क्षणाक्षणाला अडतो आहे, त्याच्यासाठी तो प्रवासच धोक्याचा असतो. त्यातला किरणोत्सर्गही साध्या एक्स-रेच्या कित्येक पट असतो, म्हणून स्कॅन रोज करता येत नाही.

हवेचा अडथळा झाली खूण

मग फुफ्फुसांची सोनोग्राफी इतकी वर्षे का होत नव्हती? कारण सोनोग्राफीचे आणि हवेचे जमत नाही. प्रोबमधून निघालेला ध्वनी शरीराच्या मऊ भागांतून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. हवेपाशी पोचला की जवळजवळ सगळाच परत फिरतो. पोटाच्या सोनोग्राफीत त्वचेवर जेल लावतात ते याचसाठी, की प्रोब आणि त्वचा यांच्यात हवा राहू नये. फुफ्फुस तर हवेनेच भरलेले. तेव्हा तिथे सोनोग्राफीला काही दिसणार नाही, असे वैद्यकाच्या पुस्तकांत दीर्घकाळ सांगितले जात होते.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती घोड्यांपासून. १९८६ मध्ये एन. डब्ल्यू. रँटानेन या पशुवैद्यकाने घोड्याच्या छातीच्या सोनोग्राफीत एक गोष्ट नोंदवली. निरोगी फुफ्फुस श्वासाबरोबर छातीच्या आतल्या पडद्यावर सरकताना दिसते आणि मध्ये हवा शिरली की ते सरकणे दिसेनासे होते. पॅरिसजवळच्या बुलोन-बियांकूर येथील आंब्रवाज पारे रुग्णालयातले अतिदक्षतातज्ज्ञ डॉ. डॅनिएल लिश्टनस्टाइन यांनी माणसांच्या बाबतीत या विषयाचा ध्यास घेतला. सरकणारे फुफ्फुस दिसले तर तिथे हवा शिरलेली नाही, हे त्यांनी १९९५ मध्ये मांडले. ओल्या फुफ्फुसातून निघणाऱ्या उभ्या रेषांचा अर्थ त्यांनी १९९७ मध्ये लावला.

२००८ मध्ये त्यांनी 'ब्लू' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तीव्र दम लागून अतिदक्षता विभागात आलेल्या २६० रुग्णांच्या छातीवर ठरावीक ठिकाणी प्रोब ठेवून आणि गरजेनुसार पायांच्या शिरा तपासून काढलेले निदान नंतरच्या अंतिम निदानाशी ताडून पाहिले. ९०.५ टक्के रुग्णांमध्ये ते जुळले. २०१२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या गटाने या तपासणीसाठी एकत्रित शिफारशी काढल्या. कोविडच्या काळात, रुग्णाला वॉर्डाबाहेर काढणेच अवघड झाले तेव्हा, ती अनेक देशांत नेहमीची झाली.

पडद्यावर काय दिसते?

सोनोग्राफीच्या पडद्यावर फुफ्फुसाचे छायाचित्र दिसत नाही. दिसतात त्या खुणा, आणि त्या वाचायला शिकावे लागते. प्रोब दोन बरगड्यांच्या मध्ये ठेवला की वर दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या सावल्या आणि मध्ये एक चकाकती आडवी रेघ दिसते. पंख पसरलेल्या वटवाघळासारखी ही आकृती असते. ती चकाकती रेघ म्हणजे फुफ्फुसावरण. बाकी सगळे वाचन या रेघेपासून सुरू होते.

पहिला प्रश्न: रेघ सरकते आहे का? फुफ्फुसावरणाचे दोन पापुद्रे असतात, एक छातीला आणि एक फुफ्फुसाला चिकटलेला. मध्ये थेंबभर द्रव असल्याने ते ओल्या काचेवर काच सरकावी तसे श्वासागणिक सरकतात. यंत्राच्या एका खास पद्धतीत हे चित्र वर लाटांसारख्या रेषा आणि खाली वाळू, असे नदीकाठासारखे दिसते. मध्ये हवा शिरली की वाळू नाहीशी होते आणि वरपासून खालपर्यंत नुसत्या रेषा उरतात. किराणा मालाच्या पाकिटावर असतो तसा तो बारकोड. जिथे बारकोड आणि वाळू श्वासागणिक आलटून पालटून दिसतात, ती हवेच्या कप्प्याची हद्द. ती सापडली की हवा शिरल्याचे निदान पक्के होते.

दुसरा प्रश्न: रेघेखाली काय आहे? हवेने नीट भरलेल्या फुफ्फुसात चकाकत्या रेघेच्याच प्रतिमा समान अंतरावर खाली खाली दिसत जातात. सलूनमध्ये समोरासमोर लावलेल्या आरशांत एकाच खुर्चीच्या अनेक खुर्च्या दिसतात, तसेच हे. यांना 'ए' रेषा म्हणतात. दम्याच्या किंवा बिडीने फुफ्फुस खराब झालेल्या रुग्णात श्वासनलिका आकसलेल्या असल्या तरी फुफ्फुस कोरडे असते. म्हणून तिथे याच रेषा दिसतात.

फुफ्फुस ओले झाले की चित्र बदलते. आडव्या रेषा पुसल्या जातात आणि फुफ्फुसावरणापासून पडद्याच्या तळापर्यंत उजेडाचे उभे झोत उतरतात. अंधाऱ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांसारखे. या 'बी' रेषा. एक-दोन असतील तर फारसे बिघडत नाही. पण दोन बरगड्यांमधल्या एका फटीत तीन किंवा अधिक झोत, आणि तेही छातीच्या दोन्ही बाजूंना अनेक ठिकाणी दिसले, की फुफ्फुसात पाणी साचल्याची शंका बळावते. लघवीचे इंजेक्शन देऊन पाणी उतरू लागले की हे झोत कमी होताना दिसतात. म्हणजे औषध लागू पडते आहे की नाही, हेही कळते.

न्यूमोनियात फुफ्फुसाचा तुकडा हवा जाऊन घट्ट होतो आणि पडद्यावर चक्क यकृतासारखा दिसतो. छातीच्या पोकळीतले पाणी काळ्या पट्ट्यासारखे दिसते. उभ्याने काढलेल्या एक्स-रेतही साधारण २०० मिलिलीटर पाणी साचल्याशिवाय ते नीट लक्षात येत नाही. सोनोग्राफीला त्याहून बरेच कमी पाणी पुरते.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाजवळ

श्वसनविकारांच्या अतिदक्षता विभागात या तपासणीचा उपयोग पहिल्या निदानापुरता राहत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा ऑक्सिजन अचानक घसरला, तर कारणे अनेक असतात. श्वासनलिकेतली नळी खोल जाऊन एकाच फुफ्फुसात हवा जात असेल. कफाने एक बाजू बंद पडली असेल. व्हेंटिलेटरच्या दाबाने फुफ्फुस फुटून हवा बाहेर आली असेल. एक्स-रेचा तंत्रज्ञ येईपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ तेव्हा नसतो. दोन्ही बाजूंना प्रोब ठेवून रेघ सरकते का एवढे पाहिले, तरी पुढचे पाऊल बहुधा ठरते.

छातीतले पाणी सुईने काढताना पूर्वी बोटाने ठोकून जागा ठरवत. आता सुई कुठे, किती खोल घालायची हे आधी पाहून ठरवता येते. त्यामुळे फुफ्फुसाला किंवा यकृताला इजा होण्याचा धोका कमी होतो. व्हेंटिलेटर काढायची वेळ आली की छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा मुख्य स्नायू किती जोराने हलतो, हेही सोनोग्राफीत मोजता येते.

यवतमाळ जिल्ह्याला या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातल्या वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. फवारणीच्या औषधांत ऑर्गनोफॉस्फेट हा मोठा गट आहे. हे विष श्वासावर दोन बाजूंनी घाला घालते. आधी श्वासनलिकांत इतका स्राव साचतो की रुग्ण स्वतःच्याच पाण्यात बुडू लागतो. त्यावर ॲट्रोपिन देतात आणि छाती कोरडी होईपर्यंत त्याची मात्रा वाढवतात. पुढे, एक ते चार दिवसांनी, सावरत असलेल्या रुग्णाचे श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी हा प्रकार १९८७ मध्ये जगासमोर आणला. अशा रुग्णाचे फुफ्फुस ओले आहे की कोरडे आणि श्वासपटल किती हलते आहे, हे खाटेशेजारी पुन्हा पुन्हा पाहता येणे मोलाचे ठरू शकते.

विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारालाही हेच लागू होते. या रुग्णांच्या फुफ्फुसावर अचानक होणारा हल्ला जिवावर बेततो आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो कधी कधी दिसत नाही. सिकलसेलचे अनेक रुग्ण लहान मुले असतात. किरणोत्सर्ग नसलेली तपासणी त्यांच्यावर वारंवार करता येते.

किगालीचा धडा

साधने कमी असलेल्या ठिकाणी या तपासणीने काय साधते, याचे उत्तम उदाहरण आफ्रिकेतल्या रवांडाचे आहे. गंभीर आजारात दोन्ही फुफ्फुसे एकदम सुजून ओली होतात, त्या अवस्थेला 'एआरडीएस' म्हणतात. ती ओळखण्याची २०१२ ची बर्लिन व्याख्या एक्स-रे किंवा सीटी स्कॅन, रक्तातल्या वायूंची तपासणी आणि व्हेंटिलेटर यांवर उभी होती. किगालीच्या रुग्णालयात ही साधने फार थोड्यांच्या वाट्याला येत. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रेऐवजी सोनोग्राफी आणि रक्ततपासणीऐवजी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वापरला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०४६ रुग्णांपैकी ४२ जणांना एआरडीएस असल्याचे दिसले. बर्लिन व्याख्येत त्यांतला एकही बसत नव्हता.

आजार तिथे होताच, मोजणारे साधन नव्हते म्हणून तो कागदावर नव्हता. जगभरच्या तज्ज्ञांनी अलीकडे मांडलेल्या नव्या व्याख्येत सोनोग्राफीला आणि ऑक्सिमीटरला स्थान मिळाले, त्यात किगालीच्या या कामाचा वाटा आहे.

कायद्याची गाठ

मग प्रत्येक लहान रुग्णालयात छातीची सोनोग्राफी का होत नाही? एक कारण पैशाचे, दुसरे प्रशिक्षणाचे. तिसरे आपल्या इतिहासात आहे. याच यंत्राने आपल्याकडे मुलींचे गर्भ हेरले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य होते आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात तर ती ८०७ होती.

म्हणून नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. गर्भाचे लिंग दाखवू शकणाऱ्या प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी करावी लागते, मग ते हृदयासाठी घेतलेले असो वा छातीसाठी. हातात मावणारी यंत्रे आल्यावर २०१२ मध्ये नियम आणखी आवळले गेले. असे यंत्र नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात, दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरता येते, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. डॉक्टरने ते पिशवीत घालून गावोगाव नेणे कायद्यात बसत नाही.

याचा अर्थ अतिदक्षता विभागातल्या खाटेशेजारी, दाखल रुग्णावर, नोंदणीकृत यंत्र वापरायला कायद्याची आडकाठी नाही. पण नोंदणीची कागदपत्रे, तपासणीची भीती आणि चुकल्यास यंत्राला सील लागण्याची धास्ती यांमुळे लहान रुग्णालये कचरतात. यंत्र असले तरी ते दिवसा उघडणाऱ्या, कुलूपबंद सोनोग्राफी कक्षात असते. दम मात्र रात्री दोनला लागतो. मुलींना वाचवणारा कायदा जराही सैल न करता, तातडीच्या विभागात नोंदणीकृत यंत्र ठेवणे, ते कोण वापरणार हे नावानिशी ठरवणे आणि प्रत्येक वापराची नोंद करणे ही वाट काढता येण्याजोगी आहे. तालुक्याच्या रुग्णालयांसाठी ती काढायलाच हवी.

मर्यादाही जाणून घ्या

ही तपासणी सर्वज्ञ नाही. फुफ्फुसाच्या आत खोलवर असलेला, फुफ्फुसावरणापर्यंत न पोचलेला आजार तिला दिसत नाही. फार जाड शरीर, छातीवरच्या पट्ट्या किंवा त्वचेखाली शिरलेली हवा असेल तर चित्र मिळत नाही. उभे झोत दिसले म्हणजे हृदयच बिघडले असे नाही. न्यूमोनियात आणि फुफ्फुसाच्या जुन्या आजारातही ते दिसतात. म्हणून रुग्णाची माहिती, तपासणी आणि रक्ताचे अहवाल यांच्या जोडीनेच त्याचा अर्थ लावायचा असतो. सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे बघणाऱ्याचा सराव. मूलभूत खुणा थोड्या दिवसांत शिकता येतात, पण नजर बसायला बऱ्याच रुग्णांवर हात फिरावा लागतो. एका रुग्णावरून दुसऱ्याकडे जाताना प्रोब जंतुनाशकाने पुसला नाही, तर तोच संसर्ग पसरवतो.

नातेवाईकांसाठी

- अचानक दम लागला, ओठ काळसर पडले किंवा बोलता येईनासे झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रुग्णाला बळजबरीने आडवे करू नका, त्याला ज्या स्थितीत बरे वाटते तसे बसू द्या.
- जुनी औषधे, कागद, हृदयविकार, दमा, सिकलसेल किंवा अलीकडची फवारणी यांची माहिती सोबत न्या. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तिचे लेबल मिळाले तर तेही न्या, मात्र नीट बंद करून.
- अतिदक्षता विभागात डॉक्टर छातीवर सोनोग्राफी करू लागले तर घाबरू नका. तीत किरणोत्सर्ग नसतो, ती दुखत नाही आणि गरजेप्रमाणे दिवसातून अनेकदा करता येते.
- रुग्णाला दुसऱ्या गावी हलवायचे असेल तर विचारा: छातीत हवा किंवा पाणी नाही ना, हे पाहिले का? कशाने पाहिले? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

मुकुटबनहून वणी, तिथून यवतमाळ, चंद्रपूर किंवा नागपूर. झरी-जामणीतल्या गंभीर रुग्णाचा हा प्रवास आणखी काही वर्षे तरी चुकणार नाही. पण पहिल्याच रुग्णालयात पाच मिनिटांची तपासणी होऊन बाबांचा दम पाण्याचा, हवेचा की आकसलेल्या श्वासनलिकांचा हे कळले, तर योग्य औषध गाडीत बसण्याआधीच सुरू होईल. त्या रात्रीच्या रस्त्यावर तेवढाच फरक पुरेसा ठरू शकतो.